फळीला मारलेली गाठ

आमच्या घरात पोहता कोणालाच येत नाही. अमरावतीत नळाला पाणी येतं दिवसाआड, ते बादल्यांत भरून ठेवायचं की त्यात पोहायचं? तरी त्या उन्हाळ्यात नावेनं जायचं माझ्याच डोक्यातून निघालं. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही.

नणंदेची संत्र्याची बाग वरूडकडे, धरणाच्या पल्याड. रस्त्यानं फेरा मोठा, आणि मुलाला गाडी लागते. मागच्या खेपेला एसटीत त्यानं पुढच्या सीटवरच्या एका सज्जन गृहस्थाच्या टोपीत ओकारी केली होती. नणंद फोनवर म्हणाली, अल्याडच्या काठावरून एक मच्छीमार काका माणसं सोडतात, अर्ध्या तासात बागेच्या बांधाला लागाल. नवरा म्हणाला, रस्त्यानंच जाऊ. नवरा अकोल्याला नोकरीला आहे, शनिवारी संध्याकाळी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. त्यामुळे घरातल्या निर्णयांत त्याचं मत आम्ही ऐकून घेतो.

काका साठीचे, वाळके, तोंडातून शब्द काढायला जड. नावेला बांबूची डोलकाठी आणि खताच्या रिकाम्या पोत्यांचं शिवलेलं शीड. नवऱ्याला त्यांनी पुढच्या टोकाला बसवलं, मला आणि पोरांना मधल्या आडव्या फळीवर, स्वतः मागं वल्हं धरून. मुलगी अकराची, मुलगा पाचाचा. दुपारचं ऊन भाजत होतं आणि पाणी परातीतल्यासारखं शांत होतं. ‘पाहिलं ना?’ अशा नजरेनं मी नवऱ्याकडे दोनदा पाहून घेतलं.

मध्यावर आलो आणि वावधन उठलं. उन्हाळ्यात आमच्याकडे असं वादळ येतंच. घरी असलं की गच्चीवरच्या कुरड्या उचलायच्या, खिडक्या लावायच्या, झालं काम. इथं उचलायला काही नव्हतं. समोरचा काठ धुळीत गेला, पाणी काळं पडलं आणि नाव वर उचलून खाली आपटू लागली. पहिली लाट थेट मुलाच्या तोंडावर आली. त्यानं भोंगा पसरला. काका शीड उतरवायला डोलकाठीशी गेले आणि फडफडणाऱ्या पोत्यांमागं दिसेनासे झाले.

आता मी काय केलं ते सांगते. राजापेठेतल्या शाळेतून मुलाला आणताना तो गाडीवर मागं बसल्याबसल्या झोपतो. म्हणून मी त्याला ओढणीनं माझ्या कमरेशी बांधते, गाठ पुढं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया हेच करतात. या गाठीवर माझा इतका भरवसा, की रस्त्यातले खड्डे मी चुकवायचेच सोडून दिले आहेत. नावेत मी तेच केलं. मुलाला ओढणीचे दोन वेढे देऊन फळीला बांधलं आणि गाठीवर गाठ मारली. ओढणी त्यातच संपली, म्हणून मुलीला तिच्या तोंडाला बांधायच्या स्कार्फनं बांधलं. दोन्हीकडे ओढून पाहिलं. खरं सांगते, त्या तसल्या हवेत मला एकदम बरं वाटलं. पोरं आता कुठं जात नाहीत, म्हटलं.

शीड उतरवून काका मागं जायला निघाले तेव्हा त्यांना ते दिसलं. ते ओरडले नाहीत. वाकून म्हणाले, “ताई, आधी सोडा त्याइले. नाव पालथी झाली तं हे तिच्याखाली अडकून राहातीन.”

मी गाठीला हात घातला. मुलाची गाठ भिजून पार दगड झाली होती. नखं मोडली, दातांनी ओढली, ती हलेना. सुरी मागितली तर काका म्हणाले, मासे धरायचे नसले की सुरी घरीच राहते, आज तर पाहुणे न्यायचे होते. नवरा उठायला लागला तसं त्यांनी त्याला खाली बसवलं. कोणी जागचं हलायचं नाही, नाव कलंडेल, एवढंच ते वल्हं मारता मारता सांगत राहिले. मग नवऱ्यानं नणंदेसाठी नेलेल्या पुरणपोळ्या मला न विचारता धरणात ओतल्या आणि रिकाम्या डब्यानं नावेतलं पाणी उपसायला लागला. एवढ्या वर्षांत त्यानं मला न विचारता केलेली ती पहिली गोष्ट, आणि ती बरोबर होती.

काका म्हणाले, पोरगी बारीक आहे, तिला तरी काढा. मी हात लावायच्या आत मुलीनं पोट आत ओढलं आणि ती स्कार्फमधून वर सरकून मोकळी झाली. माझा अर्धा जीव भांड्यात पडला. मी पुन्हा गाठीला दात लावले. ती सरकून भावाला चिकटून बसली आणि त्याच्या पोटावरच्या ओढणीखाली तिनं आपला हात कोपरापर्यंत आत घातला. मी म्हटलं, धरून ठेवते आहे बिचारी. एका लाटेला नाव इतकी आडवी झाली की माझी कोपरं पाण्यात गेली, आणि मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगण्यात अर्थ नाही.

गाठ सुटलीच नाही. मुलगा फळीला बांधलेलाच पल्याड पोचला. नाव बांधाला घासली तशी नणंद गुडघाभर पाण्यात उतरली आणि हातातल्या विळ्यानं ओढणी कापली. कापताना म्हणाली, चांगली होती गं. बाप मुलाला खांद्यावर टाकून बागेकडे गेला. पाचव्या मिनिटाला पोरगं तिकडून खायला मागत होतं.

मुलगी बांधावर उभी राहून हात चोळत होती. ओढणीचा वेढा तिच्या कोपराच्या वर लाल उमटला होता. तो पाहिला आणि मला तेव्हा कुठं कळलं, की नाव पालथी झाली असती तर तो हात निघाला नसता. भीती वाटली की मला राग येतो, तसा आला. मी तिला हलवून विचारलं, “तू तं सुटली होती. मंग हात काहून घातला तिथं?”

“तो एकटा खाली गेला असता तं त्याले भेव लागलं असतं,” ती म्हणाली.

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिथंच बसले, तिला मांडीवर ओढलं आणि रडले. अकरा वर्षांची घोडी ती, मांडीत मावत नव्हती, तरी घेतली.