रेणूच्या गोळ्या

शोभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात होते. मेंदूत रक्तस्राव... दुपारपर्यंत सारं संपलं होतं. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. आता महिना उलटून गेला, तरी रडू कमी आणि संतापच जास्त येतो. कारण बदनापूरच्या तिच्या घरात पाऊल टाकलं आणि कानावर आलं, "पोरीच्या टेन्शननं गेली बिचारी." आणि ती पोरगी, पंधरा वर्षांची रेणू, तिथंच भिंतीला टेकून बसलेली!

रेणू लहानपणी एका जागी ठरायची नाही. अर्धं वाक्य वहीत, अर्धं डोक्यात. डबा, चप्पल, कंपास, रोज काहीतरी हरवायचं. मुख्याध्यापक म्हणाले, "दोन ठेवून द्या, बराबर होईल." शोभाच्या सासूबाईंनी ताईत बांधला. शेवटी शोभानं तिला संभाजीनगरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बऱ्याच भेटींनंतर नाव सांगितलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास. गोळी दिली, पण नुसत्या गोळीनं भागत नाही म्हणून शोभालाही शिकवलं, एका वेळी एकच सूचना द्यायची, जमलं की लगेच कौतुक करायचं. "यात तुमची चूक नाही," हे ऐकून शोभा बाहेरच्या बाकावर ढसाढसा रडली.

मग सारं गावच डॉक्टर झालं! "पोरीला वेड्याच्या गोळ्या चारून राह्यली." जावेनं तर रेणूच्या लग्नाची काळजी बोलून दाखवली. चष्मा लागलेल्या पोराला कुणी असं बोलतं का हो? ती गोळी बदनापुरात मिळायची नाही. शोभा नोकरीतून रजा टाकून रेल्वेनं संभाजीनगरला जायची, शाळेशी भांडायची, रेणूला पहिल्या बाकावर बसवून यायची. नवरा सज्जन, पण दवाखान्याची पायरी कधी चढला नाही. रेणूनं आठवीत पहिल्यांदा अख्खा पेपर सोडवला, त्या दिवशी शोभा फोनवर नुसती हसत राहिली...

तेराव्याला दिरानं गोळ्यांचं पाकीट खिडकीबाहेर भिरकावलं. "आता ही थेरं बंद!" मी तोंड उघडायच्या आत रेणू अनवाणी बाहेर गेली, पाकीट पुसत परत आली.

"काका, बंद करायची का न्हाई ते डॉक्टर ठरवतील. मंग पप्पा, तुम्ही येता ना संगं?"

पप्पा उठले आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आले.

पुढच्या आठवड्यात मीही त्यांच्यासोबत गेले. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शोभा नेहमी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. रेणूचे पप्पा जरा घुटमळले, मग त्याच खुर्चीत बसले. म्हणाले, "मला काहीच माहीत न्हाई. पहिल्यापासून सांगा."

हेच वाक्य शोभा जिवंत असताना म्हणायला काय झालं होतं?