ठकीचा चौकोन

आज खाडीकडून सागवानाने भरलेली बैलगाडी दारावरून गेली आणि त्या ओल्या, तुरट वासाने मला थेट कल्याणच्या आमच्या जुन्या अंगणात नेऊन बसवलं.

मी आठ वर्षांचा होतो. ओटीचं काम चाललं होतं. सुताराची मुलगी ठकी बापाबरोबर यायची आणि कापून उरलेल्या, एकसारख्या ठोकळ्यांशी खेळायची. मी शेजारी पाढे घोकत असायचो. मला ते स्तोत्रासारखे पाठ होते. त्यांना अर्थ असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी ठकीने एक ठोकळा ठेवला. त्याच्या दोन बाजूंना कोपरा धरून तीन लावले. मग पाच, सात, नऊ. दर वेळी चौकोन नेमका भरायचा.

"आता अकरा लागतील बघ."

"तुला काय ठाऊक? तू कुठे शाळेत जातेस?"

"दर येळी दोनच वाढतात ना रं!"

तिने अकरा लावले. चौकोन भरला. मी बोटाने मोजलं. सहांच्या सहा ओळी, छत्तीस ठोकळे. सहा सक छत्तीस! रोज ओरडून म्हणायचो ते समोर जमिनीवर होतं, त्याला हात लावता येत होता. अंगावर सर्रकन काटा आला. पुढे इतकी वर्षं गणित शिकवलं, पण तसा काटा पुन्हा आला नाही.

मी वडिलांना ओढत आणलं. ते वाकून पाहतच राहिले. मग माझी पाठ थोपटून म्हणाले, "शाबास! हुशार आहेस."

चौकोन ठकीने केलाय, हे मी सांगितलं नाही. ठकी पुढचे तेरा ठोकळे वेचत होती.