माझ्या फ्लॅटमधली पोफळीची खोली

पन्नाशी उलटल्यावर माणसाने काय काय करू नये, याची आमच्या घरातली यादी मोठी आहे आणि ती सगळी माझ्यावरून तयार झालेली आहे. तिच्यात सगळ्यात वर आहे, फ्लॅट घेऊन भाड्याने देणे. मिरकरवाड्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर, जुना पण धड असा एक फ्लॅट मी घेतला. मासळीच्या वासापायी स्वस्तात मिळाला. बायकोने त्यात पाटल्या मोडल्या होत्या. त्यामुळे कागदावर नाव माझं आणि शब्द तिचा, असा आमचा कारभार.

मालक कसं व्हायचं ते मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. भाडेकरूशी मैत्री करू नका, त्याच्या घरच्या गोष्टी ऐकत बसू नका, करार अकरा महिन्यांचाच करा. हे सगळं वहीत उतरवलं होतं. शाळेत एवढा अभ्यास केला असता तर फ्लॅट घ्यायची वेळच आली नसती.

पहिलाच माणूस बघायला आला तो पोफळीचा. तिथल्या डोंगराच्या पोटातल्या पॉवरहाऊसमध्ये सगळी नोकरी झालेली, आता निवृत्त. बायको वारलेली, मूलबाळ नाही. लांज्याचा पुतण्या घरी बोलावत होता, पण "दुसऱ्याच्या घरात आपली खाट कुठे टाकायची ते आपण नाही ना ठरवत," असं म्हणाले. पाणी किती वेळ येतं ते त्यांनी विचारलं नाही. वासाबद्दल चकार शब्द काढला नाही. हॉलमध्ये उभं राहून खिडकी कुठल्या अंगाला आहे ते पाहिलं, मग गुडघ्यांवर बसून विती टाकत लादी मोजली.

"जमेल," म्हणाले.

असा गुणी भाडेकरू पहिल्याच फटक्यात गावला म्हणून मी घरात तीन दिवस मिरवलो.

चौथ्या महिन्यात नळ गळतो म्हणून गेलो. भर दुपार होती. दार उघडून त्यांनी आधी ओठांवर बोट ठेवलं आणि मग "या" म्हणाले, तेही कसंबसं ऐकू येईल असं. दारातून समोर स्वयंपाकघर सरळ दिसतं, दहा पावलं. पण ते सरळ गेले नाहीत. उजवीकडच्या भिंतीला धरून चालले, मग डावीकडे वळले आणि तिथून स्वयंपाकघरात शिरले. मला वाटलं, लादी नुकती पुसली असेल. मीही तसाच गेलो. लादी कोरडी होती.

परत येताना पाहिलं. सगळं सामान उजव्या बाजूला दाटीवाटीने लावलेलं. खुर्च्या, कपाट, टेबल, सगळ्यांची पाठ हॉलच्या मध्याकडे, जणू कशाला तरी टेकवून ठेवल्यासारखी. आणि डावी अर्धी बाजू रिकामी. तिथे फक्त एक खाट. दिवसाढवळ्या तिच्यावर मच्छरदाणी सोडलेली, कडा गादीखाली नीट खोचलेल्या.

पुढच्या खेपेला चहा झाला. मला कप देऊन त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला आणि हॉलच्या मधोमध थांबले. हवेत खांद्याएवढ्या उंचीवर हात नेला, कडी काढावी तसा फिरवला, एक पाऊल उंबरा ओलांडल्यासारखं उचललं आणि आत गेले. मी 'आत' म्हणतोय खरा, पण ते मला सगळे दिसत होते. तांब्या खाटेशी ठेवून बाहेर आले आणि कडी लावली. ती लागल्याचा खट्‌ असा आवाज मी ऐकला. आता खाली बंदरात बर्फ फोडायची मशीन चालू होती, तिचा असेल. मी चहा तसाच टाकून घरी आलो आणि नळ आता ठीक आहे असं सांगितलं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. ते खाली तळमजल्यावरच राहतात.

"काय हो मालक, तुमचा माणूस काय प्रकार आहे? दुपारी बारा वाजता वर्गणी मागायला गेलो तर गप्प बसा म्हणून खूण करतो! जिन्यातली पोरं त्या दारावरनं पळत जातात."

"एकटा जीव आहे हो."

"एकटा असता तर तक्रार कशाला केली असती?"

यावर काय बोलायचं ते कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

अकरा महिने संपत आले. एक बँकेतलं कुटुंब फ्लॅट मागत होतं, भाडंही जास्त देत होतं. बायको म्हणाली, "सांगा त्यांना, सोडा म्हणून. माझ्या पाटल्यांवर भुतं पोसायची नाहीत मला."

"तू चल बरोबर."

"का? भिता?"

"मी कशाला भिऊ? बायकांनी सांगितलेलं बरं दिसतं."

रविवारी सकाळी दोघं गेलो. 'घरच्या कामाला फ्लॅट हवा आहे' हे वाक्य मी जिन्यात चारदा म्हणून घेतलं. त्यांनी दार उघडलं. बायको मुळात माझ्यासारखी नाही. ती पदर खोचून सरळ स्वयंपाकघराकडे निघाली, ओल आलीय का ते बघायला.

"वहिनी!" ते एवढ्या जोरात ओरडले की मी दचकलो. त्या घरात मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "वहिनी, लागलं का हो?"

ती हॉलच्या मधोमध थबकली होती. एक पाय पुढे, एक मागे. खाटेकडे पाहिलं. मग उलट्या पावली दारापर्यंत आली, पदर डोक्यावरून घेतला आणि उजवीकडच्या भिंतीला धरून, वळसा घालून गेली. मी तिला आजवर सासऱ्यांसमोरही एवढी जपून चालताना पाहिलेली नाही.

त्यांनी आम्हाला बसवलं.

"पोफळीच्या क्वार्टरमध्ये बावीस वर्षं होतो," ते म्हणाले. "शेवटची दोन वर्षं ही आतल्या खोलीतच होती, त्या खाटेवर. तिथेच गेली. पण तिथून गेली नव्हती हो. तिचं असणं कळायचं. निवृत्त झालो, क्वार्टर रिकामी करून द्यावी लागली. ते बरोबरच आहे, दुसऱ्या कुणाला मिळायला हवी. मी टेम्पोत सामान घालून एका दिवसात आलो. तिला यायला तीन महिने लागले. खोली नीट उभी राहिली, तेव्हा आली."

खिडकीतून वारा येत होता. पडदा हलत होता, मच्छरदाणी हलत नव्हती.

"करार संपतोय, मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी काय, कुठेही पडेन. पण पुन्हा खोली बांधायची, तर आता माझ्याच्याने विती मोजवत नाहीत. आणि या वेळेला ती आली नाही तर?"

मी घसा खाकरला. घरच्या कामाला, एवढं आठवलं. बायकोने माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"कराराचे कागद यांनी आणायला हवे होते," ती म्हणाली, अगदी हळू आवाजात. "विसरले. यांचं नेहमीचंच आहे. पुढच्या रविवारी करू."

जिना उतरल्यावर मी विचारलं, "काय दिसलं तुला?"

"दिसलं काहीच नाही. कुणाच्या खोलीत न विचारता शिरलं की मेल्यासारखं होतं ना, तसं झालं."

पुढच्या रविवारी कागद झाले. सोसायटीचा भाडेकरूंचा फॉर्म भरायला आम्ही तिघं सेक्रेटरींकडे बसलो. त्यांनी नाव लिहिलं, मूळ गाव लिहिलं आणि पेन थांबवलं.

"राहणारी माणसं किती?"

भाडेकरू माझ्याकडे बघायला लागले. सेक्रेटरीही माझ्याकडे बघायला लागले. मालक मी होतो.

"दोन," मी म्हणालो.

सेक्रेटरींनी एकदा वर छताकडे पाहिलं आणि मुकाट्याने दोन लिहिलं. मग दुसरं नाव विचारलं. ते भाडेकरूंनी सांगितलं.

"वय?"

"चोपन्न," ते म्हणाले. मग मला समजावल्यासारखं, "आता तेवढंच राहणार ना."