जहाजाला लावलेली चिंच

भिजवलेल्या चिंचेचा आंबट वास आला की मला कापसाच्या तेजीतली अमरावती आठवते. शाळा अर्धवट सोडून मी कोकणातून तिथं आलो होतो आणि कापूस खरेदीच्या साहेबासाठी हातभर लांबीचं, शोभेचं पण हुबेहूब लढाऊ जहाज घडवलं होतं. तळाचा तांब्याचा पत्रा मात्र ताम्हणासारखा चकाकत होता. 'समुद्रात फिरलेलं दिसलं, तरच अशी जहाजं घडवायच्या कामावर ठेवीन,' म्हणत साहेबानं ते परत दिलं. ते उराशी धरून मी खोलीवर आलो. घरमालकीण मावशी हसली, "कावून घाबरून राहिला रे? तांब्याले चिंच-मीठ लाव अन् धुऊ नोको." दोन दिवसांत पत्र्यावर हिरवा कळंक चढला. 'कोणत्या बंदराचं पाणी लागलं याला?' साहेबानं विचारलं. 'मावशीच्या चुलीजवळचं,' मी ठसक्यात सांगितलं आणि कामावर लागलो. समुद्र कधीच न पाहिलेल्या त्या मावशीच्या कृपेनं माझं एकही जहाज आजवर गिऱ्हाईकाकडून परत आलेलं नाही.