शेवट मी पाहिलाच नव्हता

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली, कारण तिच्यातला गाढव मीच आहे.

पासलीला आमचे थोरले बंधू बापू शेळ्या पाळत. भोरचे सलीमभाई शिंपी त्यांचे जिवलग दोस्त. एकदा बापूंच्या बोकडाने सलीमभाईंनी शिवलेल्या नवरदेवाच्या कोटाची बाही खाल्ली. (लग्नाला दोन तास उरले होते!) सलीमभाई भर बाजारात भडकले, "बोकडाला वळण न्हाई, मालकाला कुठनं असणार?" झालं! दहा वर्षं अबोला.

मग एका दुपारी टीव्हीवर हिंदीत तुरुंगाचा सिनेमा लागला. जन्मठेपेचे दोन कैदी, त्यांची मैत्री, सुटकेची आशा. बापू पापणी हलवेनात. नेमका शेवट आला आणि शेळ्या रानातून परतल्या! करडं ओरडायला लागली. त्या वेळी शेळीवाल्याला साक्षात देव आला तरी थांबता येत नाही.

बापू उठले. "नामा, नीट बघ. दोघंबी भाईर पडल्यात. त्ये भेटले, तर म्या उद्याच्या पहिल्या एसटीनं सलीमकडं जातो." जाताना पेटीतला धुवट पटका काढून खुंटीला अडकवूनही गेले.

"जावा तुमी, मी हाय की!"

मी होतो, पण पोटात मटण आणि चार भाकरीही होत्या. डोळा लागला. जाग आली तेव्हा साबणाची जाहिरात चालली होती आणि बापू दुधाची चरवी घेऊन समोर उभे.

"भेटले का रं?"

झोपलो होतो म्हणालो असतो, तर चार शिव्यांत सुटलो असतो. पण घरातला शिकलेला मी! म्हणालो, "भेटत्यात कुठं? एक वाटंतच मेला."

"कशानं?"

"...निमोनियानं." (वर भर पावसात त्याची अंत्ययात्राही काढली!)

बापू चरवीतल्या फेसाकडे बघत राहिले. "व्हय. आसंच असतंय," म्हणाले आणि पटका घडी करून पेटीत ठेवला.

दोन वर्षांनी बापू गेले. पुढे तोच सिनेमा पुन्हा लागला. मी उभ्याने पाहिला. दोघे भेटले. कडकडून भेटले!

दुसऱ्याच दिवशी भोर गाठलं. सलीमभाईंनी खुर्ची पुसून दिली. "बापू येकदा तरी यील वाटायचं, नामदेवराव. एसटी आली की म्या मशीन थांबवायचो."

मी खुर्चीवर टेकलो. "सलीमभाई, माझ्या हातून..."

"बोला की."

"...एक पायजमा शिवायचाय."

तेव्हापासून माफी मागायला नऊ वेळा भोरला गेलो. माझ्याकडे आता नऊ पायजमे आहेत.