पोलिसांपुरतं हेल्मेट

दिगंबर खांबेट्यांचा राग सकाळी त्यांच्याआधी उठत असे. ते खाली येऊन मोटरसायकल पुसायला लागेपर्यंत त्याला गिऱ्हाईक मिळालेलं असे. कधी फाटकासमोर कोणी आडवी गाडी लावलेली, कधी टाकी भरून वाहतेय आणि वॉचमन मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. सत्तरी ओलांडली होती, गुडघे कुरकुरत होते, पण आवाज अजून शाळेतलाच होता. आयुष्यभर गणित शिकवल्यामुळे सिग्नलला शेजारी थांबलेल्या माणसालाही ते वर्गातला मुलगाच समजत. "पांढरी पट्टी दिसते का? मग चाक तिच्या मागे घ्या," असं परक्या माणसाला सांगायला त्यांना कधी संकोच वाटला नाही.

मोटरसायकल जुनी होती आणि लखलखीत होती. तिच्यावर ते जितकं प्रेम करत तितकीच काटकसर. पेट्रोल भरायचं ते भल्या सकाळी, थंडाव्यात ते दाट असतं म्हणून. बदललेलं इंजिन ऑइल बाटलीत साठवून साखळीला घालायचं. आणि सहकारनगरचा उतार लागला रे लागला की इंजिन बंद. गाडी आवाज न करता खाली घरंगळत जायची आणि मागे बसलेल्या श्यामलाबाई दर वेळी म्हणायच्या, "अहो, चालू ठेवा ना, भीती वाटते." त्यावर दिगंबररावांचं उत्तर ठरलेलं होतं, "पेट्रोल काय झाडाला लागतं?"

अशी ही दोघं एक दिवसाआड मंडईत जायची. भाजी घरापाशीही मिळते, पण श्यामलाबाईंना ती पटत नसे. त्यांचं नाक भाजीवाल्यांत प्रसिद्ध होतं. कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरायच्या आणि बिनदिक्कत सांगायच्या, "कालची आहे, पाणी मारलंय." भाजीवाल्या त्यांना दुरून पाहिल्याबरोबर ताजी जुडी खालून काढायच्या. दिगंबरराव तोवर बाहेर गाडीपाशी उभं राहून रस्त्यावरच्या लोकांवर चिडत असत. दोघांचीही सकाळ छान जायची.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र दिगंबरराव बरीच वर्षं अस्सल पुणेकर होते. सक्ती आली की हे विरोधाच्या सभेत पहिल्या रांगेत. डोकं आमचं, तुम्हाला काय करायचंय, हा त्यांचा मुद्दा. मग त्यांचा शाळेपासूनचा मित्र अनंत स्कूटरवरून पडला. साधं पडणं. गाडीला ओरखडा नाही आणि माणूस तिसऱ्या दिवशी गेला. त्याला वैकुंठ स्मशानभूमीत पोचवून आल्यावर दिगंबरराव त्याच आठवड्यात टिळक रस्त्यावरच्या एका चांगल्या दुकानात जाऊन हेल्मेट घेऊन आले. तिथे आरशासमोर त्यांनी एवढी हेल्मेटं चढवली आणि उतरवली की दुकानदार कंटाळला. पट्टा ओढून पाहिला, काचेतून डावी-उजवीकडे पाहिलं, पावती नीट घडी घालून खिशात ठेवली. डोक्याची किंमत त्यांना कळली होती. स्वतःच्या डोक्याची.

पुढे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं असं पोलीस म्हणू लागले तेव्हा ते उखडले. "मागे बसून ही काय गाडी चालवते?" स्वारगेटच्या अलीकडे फुटपाथवर एक माणूस झाडाला हेल्मेटं टांगून बसतो. मंडईतून येताना दिगंबररावांनी गाडी त्याच्यापुढे उभी केली, एक पाय खाली टेकवला आणि ओरडले, "एक लेडीज द्या हो. पोलिसांपुरतं. फार भारी नको." त्याने हाताला आलं ते दिलं. श्यामलाबाईंनी मागे बसल्या बसल्याच ते अंबाड्यावर बसवलं. ते डुगडुगत होतं. "बसतंय की," दिगंबरराव आरशात पाहून म्हणाले आणि निघाले.

दिवाळीनंतरची गोष्ट. मंडईतून परत येताना एका चौकात कोणा ठेकेदाराने रस्ता खणून, वरवर बुजवून खडी तशीच टाकली होती. समोरून एक स्कूटरवाला सरळ उलट्या दिशेने आला. दिगंबररावांचा वेग माणूस भराभर चालतो त्याहून थोडाच जास्त होता. त्यांनी ब्रेक दाबला, पुढचं चाक खडीवरून सरकलं आणि गाडी डाव्या अंगावर पडली. श्यामलाबाई डावीकडेच पाय सोडून बसलेल्या. हेल्मेटचा पट्टा तुटून ते आधी उडालं, फुटपाथच्या कडेवर आपटून करवंटीसारखे त्याचे दोन तुकडे झाले, आणि त्याच कडेवर त्यांच्या डोक्याची मागची बाजू लागली. स्कूटरवाला पळाला. दिगंबररावांना फक्त कोपराला खरचटलं.

टाके पडले, चार दिवस दवाखान्यात काढले, घरी आल्या. चालत होत्या, बोलत होत्या, माणसं ओळखत होत्या. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. दिगंबररावांनीही तेच धरून ठेवलं, घरी आल्यावर आठवडाभराने दूध करपलं तोपर्यंत. ते गॅलरीत पेपर वाचत होते. वास तिथपर्यंत आला तसे ते ओरडतच आत गेले. श्यामलाबाई शेगडीपासून दोन हातांवर मटार सोलत बसल्या होत्या. पातेल्यातून काळा धूर निघत होता.

"नाक आहे की नाही?" ते कडाडले.

श्यामलाबाईंनी पातेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मला आलाच नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: डोक्याला मागून मार बसला की मेंदू आत हलतो आणि वासाच्या बारीक नसा तुटतात. वास परत येतो कधी कधी. बऱ्याचदा येत नाही. वाट पाहायची.

वाट पाहणं हे दिगंबररावांच्या स्वभावात नव्हतं. गुन्हेगार शोधणं होतं. ते रोज त्या चौकात जाऊन उभे राहायला लागले, तो स्कूटरवाला दिसतो का बघायला. ठेकेदाराचं नाव विचारत फिरले आणि जो भेटेल त्याच्या अंगावर ओरडून आले. लेक ऋचा बाणेरहून फोन करायची, "बाबा, बाइक विका आता प्लीज. मी कॅब बुक करून देत जाईन ना." त्यावर ते फोनच आपटायचे. विकायची म्हणजे चूक आपली होती असं कबूल करायचं, आणि चूक तर आपली नव्हतीच.

पण खरं दुखणं वेगळं होतं. श्यामलाबाई गाडीवर बसेनात. आधी "टाके ओले आहेत" म्हणाल्या, मग "थंडी आहे" म्हणाल्या, आणि एका सकाळी ज्येष्ठांचा पास काढून बसने मंडईत निघून गेल्या. दिगंबरराव पुसलेल्या गाडीपाशी फडकं हातात घेऊन उभेच राहिले. पन्नास वर्षांच्या संसारात बाई पहिल्यांदा त्यांच्याशिवाय मंडईत गेली होती. गुन्हेगार हाती लागला, त्याला चारचौघांत झाडला, की हिच्या मनातली भीती जाईल आणि ही पुन्हा मागे बसेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. स्कूटरवाला मिळत नव्हता, ठेकेदार मिळत नव्हता. हेल्मेटवाला मात्र झाडाखालीच होता.

फुटक्या हेल्मेटचे तुकडे पिशवीत घालून ते स्वारगेटला गेले. गाडी लावली आणि तुकडे त्याच्या पुढ्यात आपटले.

"हे विकता? माणसं मारायचा धंदा आहे का तुमचा?"

झाडाखालचा माणूस, मच्छिंद्र नाव त्याचं, लोणी काळभोरहून रोज येणारा, उठून उभा राहिला. त्याने तुकडे उचलून पाहिले. "कुनाला लागलं, बाबा?"

"माझ्या बायकोला! वास गेला तिचा. कायमचा. तुमच्या या खेळण्यामुळे!"

"बाबा, बसा. पानी प्या."

"पाणी नकोय मला! लाज वाटत नाही असलं विकायला?"

"चांगलं बी हाय की माझ्याकडं," मच्छिंद्रने वर बोट दाखवलं. सगळ्यात वरच्या फांदीला चार जाड हेल्मेटं टांगलेली होती, त्यांच्यावर धूळ बसली होती. "कुनी न्हेतच न्हाई. मी तरी काय करू?"

"काय करू म्हणजे? विकायचंच नाही!" दिगंबरराव एवढे ओरडले की बसची वाट पाहणारी माणसं वळून बघायला लागली. त्यांना बरं वाटलं. अखेर कोणीतरी समोर उभं राहून ऐकून घेत होतं. वर्गात उभं करावं तसं त्यांनी त्याला उभं केलं होतं आणि आता ते मनसोक्त बोलणार होते.

तेवढ्यात एक स्कूटर येऊन थांबली. पंचविशीतला मुलगा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, डोक्यावर चकचकीत हेल्मेट. मागे मुलगी बसलेली, तोंडाला स्कार्फ, डोकं मोकळं. मुलाने एक पाय खाली टेकवला. इंजिन चालूच.

"दादा, एक लेडीज हेल्मेट द्या ना पटकन. जस्ट पोलिसांपुरतं. चलान नको बसायला, बाकी काही नाही."

दिगंबररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उतर!" ते त्या मुलावर धावूनच गेले. "आधी गाडीवरून खाली उतर! स्वतःच्या डोक्यावर हे एवढं महागाचं आणि तिला पोलिसांपुरतं? मूर्खा, रस्ता पोलीस बघून डोकं फोडतो का?"

"ओ काका, चिल. तुमचा काय संबंध?"

"संबंध? हा संबंध!" त्यांनी मच्छिंद्रच्या हातातला तुकडा हिसकावून मुलाच्या तोंडासमोर धरला. "हे बघ. हे पण पोलिसांपुरतंच घेतलं होतं!"

बोलून गेले आणि थांबले. मुलगा त्यांच्याकडे बघत होता. मुलगी स्कार्फच्या आतून बघत होती. मच्छिंद्रनेही पाहिलं. बाबांना तो ओळखत नव्हता. दिवसभरात असे किती येतात, एक पाय टेकवून.

"वेडा आहे," मुलगा मागे वळून म्हणाला आणि स्कूटर पुढे घेऊन गेला. थोड्याच अंतरावर दुसरा हेल्मेटवाला होता, तिथे तो थांबलेला दिसला. दिगंबररावांना त्याच्यामागे पळत जाऊन त्याची कॉलर धरावीशी वाटली. त्याऐवजी त्यांनी तुकडे गोळा करून पिशवीत भरले.

घरी आले तेव्हा श्यामलाबाई कणीक मळत होत्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"त्या हेल्मेटवाल्याला चांगला फैलावर घेतला," दिगंबरराव म्हणाले. आवाज हवा तेवढा चढला नाही.

"का? त्याने काय केलं?"

"असलं तकलादू विकतो..."

"त्याने मागितलं ते दिलं." श्यामलाबाईंनी परात बाजूला सरकवली. "पोलिसांपुरतं मागितलंत, पोलिसांपुरतं दिलं. मी मागेच बसले होते ना. ऐकलं मी."

दिगंबररावांनी पिशवी ओट्याखाली सरकवली.

"तुमचं घ्यायला गेलो तेव्हा त्या दुकानात मी स्टुलावर बसून पाय अवघडून घेतले. किती वेळ आरशात बघत होतात. माझं घेताना तुम्ही गाडीवरून खालीसुद्धा उतरला नाहीत." त्यांचा आवाज चढत गेला. दिगंबररावांनी हा आवाज या घरात कधी ऐकला नव्हता. "उतारावर मला भीती वाटते, चालू ठेवा म्हणते, तर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करता. आणि माझं हेल्मेट घेताना मात्र चालू ठेवलं होतंत. तेवढाही वेळ लागू नये म्हणून! मी मागे बसून तुमच्या इंजिनचा आवाज ऐकत होते. चिडलेय मी. फार चिडलेय. तुम्ही महिनाभर गावभर भांडत फिरताय, आणि मला एकदाही विचारलं नाहीत."

"काय विचारायचं होतं?"

"तेही मीच सांगू?" म्हणून त्यांनी परात पुढे ओढली आणि कणीक अशी मळली की ओटा हलला.

दुसऱ्या दिवशी त्या बसने गेल्या. दिगंबरराव तासभर आधीच निघाले होते. आधी टिळक रस्त्यावरच्या त्या दुकानात गेले, शटर वर जाईपर्यंत पायरीवर बसले आणि आपल्या हेल्मेटसारखंच एक, तिच्या मापाचं वाटलं ते, घेऊन मंडईत आले. या खेपेला गाडीपाशी न थांबता, स्वतःचंही हेल्मेट हातात घेऊन आत शिरले. श्यामलाबाई नेहमीच्या भाजीवालीसमोर उभ्या होत्या. भाजीवालीने सवयीने जुडी खालून काढून दिली होती. ती हातात धरून त्या नुसत्याच उभ्या होत्या.

दिगंबररावांनी हेल्मेट पुढे केलं. "घालून बघ. बसलं नाही तर बदलून देणार आहे तो. पण तू बरोबर यायला हवंस."

श्यामलाबाईंनी हेल्मेटकडे पाहिलं नाही. त्यांनी कोथिंबिरीची जुडी उचलून दिगंबररावांच्या नाकाशी धरली. "वास घ्या."

त्यांनी घेतला.

"कसा आहे?"

दिगंबरराव शब्द शोधायला लागले. सिग्नलला, फाटकाशी, सभेत त्यांना कधी शब्द कमी पडले नव्हते. पन्नास वर्षं ही बाई हेच करत असताना ते बाहेर उभे होते.

"कोथिंबिरीसारखा," ते म्हणाले.

"कोथिंबीर आहे ते मला दिसतंय," श्यामलाबाई म्हणाल्या. जुडी त्यांनी तशीच धरून ठेवली. "वास कसा आहे ते सांगा."

मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. कोणीतरी "आजोबा, आवरा" म्हणालं. दिगंबररावांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हेल्मेटं काखेत घेतली, डोळे मिटले आणि पुन्हा वास घेतला.