लोखंड खाणारं चाक

उमरठच्या वरच्या वाडीतला कोंडाजी मुंबईत एका गॅरेजात मिस्त्री होता, आणि असल्या माणसाला रजा म्हणजे शिक्षाच. बासष्ट सालच्या शिमग्याला तो घरी आला आणि होळीची राख थंड व्हायच्या आत वाडीतली बिघडलेली कुलपं, कंदील नि एकुलतं एक शिवणयंत्र दुरुस्त करून मोकळा झाला. पुढे काय करायचं, हे त्याला कळेना. बिघाड नसलेल्या घरात बसायची त्याला सवयच नव्हती.

तेवढ्यात महाडच्या मुरारीशेठची स्कूटर चालून आली. चालून कसली, बैलगाडीत आडवी पडून आली. लाकडाचा ठेका घेणाऱ्या या शेठने ती मोठ्या हौसेने घेतली होती आणि आदल्या पावसाळ्यात सावित्रीच्या पुरात बुडवली होती. इंजिन गाळाने भरलेलं. कोंडाजीला जणू पंचपक्वान्नांचं ताट समोर आलं. त्याने ठरवून टाकलं, स्कूटर सुरू झाली की तिच्यावरच ट्रंक बांधायची, महाडला गाडी शेठच्या हवाली करायची आणि तशीच मुंबईची एसटी पकडायची. राहीबाईला, म्हणजे बायकोला, त्याने हे जेवताना सांगितलं. लग्नाला कैक वर्षं झाली होती, पण नवरा घरी राहिल्याचे सगळे दिवस जोडले असते तर एक धड सुगी भरली नसती.

कोंडाजीने इंजिन खोललं, गाळ काढला, नवे बेअरिंग घालून पुन्हा जोडलं, आणि पाहतो तर फ्लायव्हील अडतंय. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या बाजूचं जड चाक. त्याच्या पोटात लोहचुंबक असतात, ते फिरले की ठिणगी पडते. हे चाक अर्धा फेरा झोकात जायचं आणि रेड्यासारखं हटून बसायचं.

पहिला संशय बेअरिंगवर आला. त्याने चाक उतरवून नुसता दांडा फिरवला, तर तो लोण्यासारखा फिरला. म्हणजे दुखणं चाकाच्या पोटात. आत डोकावला तर चुंबकाला एक बारका खिळा चिकटलेला. आपल्याच हातून पडला असणार म्हणून त्याने स्वतःला एक शिवी हासडली, खिळा काढला, चाक बसवलं. चाक भिरभिरलं. खूश होऊन तो जेवायला गेला, हात धुऊन परत आला, तर चाक पुन्हा अडलेलं. या खेपेला आत सुई.

मग ते रोजचंच झालं. सकाळी चाक साफ करावं, संध्याकाळी अडावं. कधी बैलाच्या नालेचा मोळा निघे, कधी मोडका गळ, कधी दाभणाचं टोक. कोंडाजीने चाकामागची तारेची कॉइल घासून पाहिली, बोल्ट सैल करून पाहिले, शेवटी इंजिनालाच लोखंडाचं पीक येतंय की काय असं त्याच्या मनात येऊ लागलं. मुंबईत नाव कमावलेला माणूस पार रडकुंडीला आला.

अखेर एका दुपारी तो तोंडावर टॉवेल टाकून पडवीत इंजिनाशेजारी झोपेचं सोंग घेऊन पडला. शेजारची बयाबाई आली. तिने चाकापुढे हात जोडले आणि चाकाला ज्या बारक्या खिडक्या असतात त्यातल्या एकीत हळदकुंकू लावलेला खिळा सोडला. खट्कन आवाज झाला. बयाबाईने भक्तिभावाने गालांवर बोटं टेकली आणि ती गेली. तिच्यामागून गावचा गुरव भिकू आला, त्याच्याही मुठीत खिळा. कोंडाजीने त्याचं मनगट धरलं.

भिकू जराही ओशाळला नाही. उलट त्याने अडाण्याला समजावं तसं समजावलं. दगडाच्या देवाला फूल वाहिलं तर ते तिथंच पडून राहतं, देवाने घेतलं की नाही हे कळायला मार्ग नाही. "ह्यो देव हातातनं वढून घेतो. यापरीस जागृत कुटला असनार?" बयाबाईची हरवलेली म्हैस खिळा वाहिल्या दिवशीच परत आली होती. हे सुरू कुणी केलं, असं कोंडाजीने विचारलं, तेव्हा मात्र भिकूने घराच्या दाराकडे बोट केलं.

दारात राहीबाई उभी होती. बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात, तसं उघड्या पडलेल्या इंजिनापाशी लोखंड असावं, दृष्ट लागू नये, एवढ्याचसाठी तिने पहिला खिळा ठेवला होता.

"त्यानं चाक अडलं," ती म्हणाली. "तुमचं जाणं ऱ्हायलं. परत घातला, परत ऱ्हायलं. मंग मी त्या चाकालाच नवस बोलले. बयाबाईनं ते बगितलं, मंग समद्यांनीच धरलं."

कोंडाजीच्या तोंडावर आलेली शिवी तिथंच विरली. त्याला बायकोची कणव आली आणि स्वतःची लाज वाटली. पण अडलेलं इंजिन मागे ठेवणं त्याच्या हाताला जमणारं नव्हतं. त्याने चाक धुऊनपुसून बसवलं, चाक झाकेल असं बाहेरून इंजिनाला गोणपाट बांधलं, आणि दुसऱ्या दिवशी लाथ मारताच स्कूटर अशी कडाडली की वाडीतल्या कोंबड्या कौलांवर चढल्या.

देव महाडला चालला म्हटल्यावर वाडी लोटली. ढोल आला. कोंडाजी ट्रंक बांधून बसला. गोणपाटामुळे चाकाला काही वाहता येईना, म्हणून लोकांनी देवाच्या वाटेवरच मुठी मुठी खिळे उधळले. शिवेपाशी पुढचं टायर फुस्स करून बसलं. ढोल थांबला. देव जायला राजी नाही, असं भिकूने जाहीर केलं आणि सगळ्यांनी हात जोडले.

कोंडाजी खाली उतरून टायरजवळ बसला. मुंबईत तो पेटलेली बिडी विझायच्या आत पंक्चर काढायचा. रबराचे तुकडे आणि सोल्यूशन त्याच्या पिशवीतच होतं. त्याने पिशवीत हात घातला आणि वर पाहिलं. राहीबाई गर्दीच्या मागे, पदराचं टोक दातांत धरून उभी होती. त्याने हात बाहेर काढला.

"ह्याला येळ लागंल," तो म्हणाला. "पेरणीच्या आत काय व्हायचं नाय."

राहीबाई पुढे आली. तिने ट्रंकेची दोरी सोडली, ट्रंक डोक्यावर घेतली आणि कुणाकडे न बघता घराची वाट धरली.